झाडाला हृदय नाही, तरी शंभर मीटर उंचीवर पाणी कसे पोहोचते?

ओंजळ

नमस्कार. वनस्पती आणि मानवी शरीर यांतील परिवहन हा घटक पाठ्यपुस्तकात बहुधा शेजारी शेजारी येतो. एकीकडे जलवाहिन्या आणि रसवाहिन्या, दुसरीकडे हृदय, धमन्या, शिरा आणि केशिका. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. या घटकावर मुले जे प्रश्न विचारतात त्यांपैकी दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मला पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून ते येथे मांडत आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा आहे. हवेचा दाब पाण्याचा स्तंभ जेमतेम १०.३ मीटर उंच उचलून धरू शकतो. पाण्याची पातळी त्याहून खोल असेल, तर वर बसवलेला शोषणपंप कितीही चांगला असला तरी पाणी ओढू शकत नाही, हे भौतिकशास्त्राच्या तासाला आपणच शिकवतो. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष मात्र ११५ मीटरपर्यंत वाढतात. त्यांच्या शेंड्यावरच्या पानाला पाणी कोण पोहोचवते? पुस्तकात मूलदाब (मुळांनी खालून दिलेला दाब), केशाकर्षण (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणे) आणि बाष्पोच्छ्वासामुळे (पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाण्यामुळे) निर्माण होणारी ओढ अशी तीन नावे एका ओळीत दिलेली असतात, परंतु त्यांपैकी खरे काम कोणाचे आणि किती, याचा पत्ता लागत नाही.

दुसरा प्रश्न वायूंचा. आपल्या शरीरात ऑक्सिजन रक्तामार्फत प्रत्येक पेशीपर्यंत नेला जातो आणि त्यासाठी हिमोग्लोबिन लागते. झाडाच्या पेशीही रात्रंदिवस श्वसन करतात, मग झाडात ऑक्सिजन वाहून नेणारी वेगळी व्यवस्था का नाही? झाडाला ऑक्सिजन कमी लागतो, एवढे उत्तर मला अपुरे वाटते.

वल्कल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्यावर शरीरक्रियाशास्त्र जाणणाऱ्यांनी लिहिणे अधिक योग्य ठरेल.

तीन नावांपैकी दोन बाजूला काढणे सोपे आहे, कारण त्यांचा हिशोबच जुळत नाही. मूलदाब खोटा नाही. पहाटे गवताच्या पात्यांच्या टोकांशी जे पाण्याचे थेंब दिसतात, त्यांतले पुष्कळसे दवाचे नसून मुळांनी आतून ढकललेल्या पाण्याचे असतात. मुळांच्या पेशी क्षार आत ओढून घेतात, त्यांच्यामागून परासरणाने, म्हणजे कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे, पाणी येते आणि दाब तयार होतो. पण हा दाब सहसा एक-दोन वातावरणदाबांपलीकडे जात नाही, अनेक सूचिपर्णी वृक्षांत तो जवळजवळ आढळतच नाही, आणि मुख्य म्हणजे भर दुपारी, जेव्हा पानांना पाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच तो नाहीसा झालेला असतो. केशाकर्षणाचेही तसेच. २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी केशाकर्षणाने साधारण ७५ सेंटिमीटर चढते. जलवाहिन्या बहुतेक याच मापाच्या आसपास असतात, तेव्हा या मार्गाने पाणी कमरेच्या उंचीच्या पुढे जाणार नाही.

उरते ती पानांची ओढ, आणि जवळजवळ सगळे काम तीच करते. पानाच्या आतल्या पेशींच्या भित्तिका ओल्या असतात. त्या सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेल्या असून धाग्यांमधील छिद्रे अवघ्या काही नॅनोमीटरची असतात. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, उघडली की भित्तिकांवरील पाण्याची वाफ होते आणि पाण्याचा पृष्ठभाग या सूक्ष्म छिद्रांत आत ओढला जाऊन अंतर्वक्र होतो. छिद्र जितके लहान, तितका तो पृष्ठभाग मागच्या पाण्याला अधिक जोराने ओढू शकतो. केशाकर्षणाला येथे जागा आहे ती अशी: ते जलवाहिनीच्या रुंदीत नव्हे, तर पानातील पेशीभित्तिकेच्या छिद्रांत काम करते, आणि तेथे त्याची ताकद शंभर मीटरच काय, त्याच्या कितीतरी पट उंचीचा स्तंभ पेलण्याइतकी असते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पानात लागलेली ओढ अखंड स्तंभातून खोडात, मुळात आणि थेट मातीतील पाण्यापर्यंत पोहोचते. पाणी येथे दोरासारखे ताणले जाते.

आता १०.३ मीटरची अडचण. शोषणपंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो फक्त वरची हवा काढून घेतो आणि खालून हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून तेथे हवेच्या दाबाची मर्यादा लागू होते. झाडात पाणी खालून ढकलले जात नाही, ते स्वतःच ताणाखाली असते. त्याचा दाब शून्याच्याही खाली, ऋण असतो. नुसत्या उंचीसाठी दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणदाब एवढा ताण लागतो, वर घर्षणाचा खर्च वेगळा. सर्वांत उंच रेडवुडच्या शेंड्यापाशी दुपारी हा ताण १८ ते २० वातावरणदाबांच्या घरात असतो. साध्या पंपाच्या नळीत असा ताण का टिकत नाही, असे मुले विचारतील. त्या नळीच्या भिंतीला हवेचे कण चिकटलेले असतात आणि ताण येताच तेथे बुडबुडा धरतो. जलवाहिनीची गोष्ट वेगळी आहे. ती आधी पाण्याने भरलेली जिवंत पेशी असते, तिची भित्तिका लिग्निन या कडक द्रव्याने जाड होते, मग आतला सजीव भाग मरतो आणि पोकळ नळी उरते. म्हणजे ती पाण्याने भरलेलीच तयार होते, हवा तिच्यात कधी शिरलेलीच नसते. ही बाब पाठ्यपुस्तकात यायलाच हवी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्याशिवाय सगळा युक्तिवाद अधांतरी राहतो.

हा विचार १८९४ मध्ये डब्लिनमध्ये हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडला. त्याच्या थोडे आधी एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात ठेवून दाखवले होते की वाटेतील जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहते. ते थांबते केव्हा, तर विष पानांपर्यंत पोहोचून पाने मेल्यावर. खोडात कुठे पंप असता तर तो आधीच बंद पडला असता. पुढे १९६५ मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताण मोजण्याची रीत रूढ केली. कापलेली डहाळी एका बंद पात्रात ठेवायची, तिचे कापलेले टोक बाहेर काढायचे आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला टोकाशी पाणी परत दिसू लागते, तेवढाच ताण झाडात होता. आणखी एक पुरावा ज्याला मोजायचा त्याला मोजता येतो: दिवसा ताणामुळे झाडाचे खोड किंचित बारीक होते आणि रात्री पुन्हा पूर्ववत फुगते.

या सगळ्यासाठी झाड स्वतःची ऊर्जा जवळजवळ खर्च करत नाही. पाण्याची वाफ करणारी ऊर्जा सूर्याची असते.

ओंजळ

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मात्र यातून नवा प्रश्न उभा राहतो. स्तंभ एवढ्या ताणाखाली असेल, तर तो कधीतरी तुटतही असेल. एका बुडबुड्याने सगळे झाड का वाळत नाही?

वल्कल

तुटतो, आणि दुष्काळात तर वारंवार तुटतो. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये एरंडाच्या पानांवर संवेदनशील ध्वनिग्राहक लावून स्तंभ तुटतानाचे टिकटिक आवाज ऐकले. आज याच कामासाठी श्रवणातीत ध्वनी टिपणारी उपकरणे वापरतात.

झाड वाचते ते जलवाहिन्यांच्या रचनेमुळे. एका नळीतून दुसरीत पाणी जाते ते भिंतीतील पातळ पडद्याच्या खाचांमधून. त्या पडद्याच्या छिद्रांतून पाणी पार होते, पण बुडबुड्याचा पृष्ठभाग तेथे अडकतो, त्यामुळे हवा एका नळीपुरती कोंडली जाते आणि प्रवाह शेजारच्या नळ्यांतून वळसा घालून पुढे जातो. नळी जितकी रुंद, तितकी ती जास्त पाणी नेते, पण गोठण्याच्या थंडीत तीच लवकर निकामी होते. सूचिपर्णी वृक्षांच्या अरुंद आणि आखूड वाहकपेशी थंड प्रदेशात टिकून राहतात, त्याचे एक कारण हेच आहे. फुलांचे देठ पाण्याखाली कापावेत असे सांगतात तेही याचसाठी. हवेत कापताच ताणलेले पाणी आत मागे सरते आणि त्याच्यामागून हवा शिरते.

स्पंदन

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण रक्ताभिसरण मुळात कशासाठी आहे हे त्यातूनच उलगडते.

सुरुवात विसरणापासून करावी. ऑक्सिजनचा रेणू पाण्यात आपोआप पसरतो, पण त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीएवढे अंतर, तो सेकंदाच्या काही शतांश भागात पार करतो. १ मिलिमीटरला सुमारे ४ मिनिटे लागतात, १ सेंटिमीटरला सुमारे ७ तास आणि १ मीटरला सुमारे ८ वर्षे. फुफ्फुसापासून पायाच्या बोटापर्यंतचे अंतर विसरणावर सोपवता येत नाही ते यामुळे. हृदय आणि धमन्या ऑक्सिजन लांबवर नेतात, पण केशिकेतून पेशीत जाण्याचा अखेरचा टप्पा आपल्या शरीरातही विसरणानेच होतो. केशिकांचे जाळे इतके दाट असते की बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशिकेपासून मिलिमीटरच्या दशांशाहून कमी अंतरावर असतात. महाधमनीत सेकंदाला काही डझन सेंटिमीटर धावणारे रक्त केशिकांत सेकंदाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वेगाने सरकते, कारण केशिका बारीक असल्या तरी त्या सर्वांचे मिळून क्षेत्रफळ प्रचंड असते. देवाणघेवाणीला वेळ मिळतो तो या मंदपणामुळे.

आता हिमोग्लोबिन. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. रक्तद्रवात नुसता विरघळून राहणारा ऑक्सिजन लिटरमागे अवघा ३ मिलिलिटर असतो. म्हणजे हिमोग्लोबिन नसते, तर त्यातला कण अन् कण वापरूनही हृदयाला मिनिटाला ८० लिटरपेक्षा अधिक रक्त फेकावे लागले असते. प्रत्यक्षात ते सुमारे ५ लिटर फेकते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसतात, त्यामुळे लिटरभर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला सुमारे १००० मिलिलिटर पोहोचवला जातो आणि विश्रांतीत त्याचा चौथा हिस्साच वापरला जातो. शिरांमधून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन उरलेलाच नसतो, हा समज मुलांच्या मनातून जरूर काढावा. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो आणि व्यायामाच्या वेळी तोच कामी येतो. कार्बन डायऑक्साइडचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने होतो. त्याचा सुमारे ७० टक्के भाग तांबड्या पेशींतील विकराच्या साहाय्याने बायकार्बोनेट होऊन रक्तद्रवातून जातो, काही भाग हिमोग्लोबिनला जोडून आणि थोडासा नुसता विरघळून.

झाडाकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: वायूंचे विसरण पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पटींनी वेगवान असते. झाडाने याच गोष्टीचा फायदा घेतला आहे. पानाच्या आत पेशी दाटीवाटीने भरलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या पर्णरंध्रांतून बाहेर उघडतात. खोडाच्या सालीवर वल्करंध्रे, म्हणजे हवा ये-जा करू देणारी छिद्रे, असतात. जाड खोडाच्या आतला बहुतेक भाग मृत लाकडाचा असतो आणि जोमाने श्वसन करणाऱ्या पेशी सालीखालच्या पातळ थरात असतात. म्हणजे ज्यांना ऑक्सिजन हवा त्या पेशी हवेपासून फार दूर नसतातच, आणि जे अंतर असते ते बरेचसे हवेतून कापले जाते. आपल्या म्हणण्याप्रमाणे कमी गरज हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर शरीराच्या आराखड्यात आहे.

हा आराखडा कुठे तोकडा पडतो तेही पाहण्यासारखे आहे. जमिनीत पाणी साचून राहिले की मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळांना ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि भोवती मुबलक पाणी असूनही रोप कोमेजते. भाताच्या मुळांत आणि खोडांत हवेच्या लांबच लांब पोकळ्या असतात, म्हणून भात चिखलात तग धरतो. खारफुटीची काही झाडे तर चिखलातून वर श्वसनमुळे काढतात. प्राण्यांतही अशी वाट कीटकांनी धरली आहे. त्यांच्या शरीरात हवेच्या नलिकांचे जाळे असते आणि ऑक्सिजन त्यांतून थेट पेशींपाशी पोहोचतो, त्यामुळे बहुतेक कीटकांचे रक्त ऑक्सिजन वाहण्याच्या कामातून मोकळे असते.

वल्कल यांनी दिलेल्या आकड्यांशेजारी एक आकडा ठेवावासा वाटतो. आपला सामान्य वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा, म्हणजे पाण्याच्या सुमारे १.६ मीटर उंच स्तंभाइतका. वातावरणदाबाच्या तो सहावा हिस्साही नाही. शेंड्यावरच्या पानाची ओढ याच्या शंभरपटीहून अधिक आहे. आपल्या मऊ रक्तवाहिन्यांना एवढा ताण लावला असता तर त्या क्षणात मिटल्या असत्या. लाकडाच्या कडक नळ्या तो सोसतात. पोकळी उघडी ठेवणारी कडक भित्तिका असल्याशिवाय ओढण्याची व्यवस्था चालत नाही, आणि हालचाल करणाऱ्या, वाकणाऱ्या प्राण्याच्या शरीरात तशा नळ्या सर्वत्र परवडणाऱ्या नाहीत. म्हणून आपल्याकडे ढकलण्याची व्यवस्था आहे. पायांतून रक्त वर परतवण्यासाठीही पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि शिरांतील झडपा रक्त खाली उतरू देत नाहीत.

शोधयात्री

वरील दोन्ही उत्तरांना जोडणारा एक माणूस विज्ञानाच्या इतिहासात आहे आणि त्याचा उल्लेख वर्गात अवश्य व्हावा. स्टीफन हेल्स हा इंग्लंडमधील टेडिंग्टनचा धर्मोपदेशक. त्याने कुंडीतले सूर्यफूल मातीचे तोंड झाकून रोज तोलले आणि पानांतून किती पाणी जाते ते काढले. आकारमानाच्या प्रमाणात पाहिले तर सूर्यफुलातून माणसाच्या १७ पट पाणी वाहते, असा त्याचा हिशोब होता. वसंतात कापलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्यावर नळी बसवून त्याने मूलदाबही मोजला. हे सारे १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. १७३३ मध्ये त्याने घोडीच्या मांडीतील धमनीला काचेची नळी जोडून रक्त ८ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर चढते असे नोंदवले. रक्तदाबाचे हे पहिले थेट मापन मानले जाते. आज आपण दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो ते दोन्ही दाब एकाच माणसाने मोजले होते.

तसाच दुसरा माणूस मार्चेल्लो माल्पिघी. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून परत येते हे सिद्ध केले, पण धमन्या आणि शिरा कुठे जोडल्या जातात ते त्यांना दिसले नव्हते. माल्पिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशिका पाहिल्या. पुढे याच सूक्ष्मदर्शकाने त्यांनी वनस्पतींच्या वाहिन्यांचाही बारकाईने अभ्यास केला.

जगदीशचंद्र बोस यांचे नाव मुले घेतीलच. खोडातील जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी वर ढकलतात असे त्यांनी १९२० च्या दशकात मांडले. त्यांची उपकरणे अपूर्व होती आणि वनस्पतींच्या संवेदनशीलतेवरील त्यांचे काम आजही आदराने वाचले जाते. मात्र पाणी वर चढण्याच्या बाबतीत पुरावा डिक्सन आणि जोली यांच्या बाजूने आहे. हे मुलांना मोकळेपणाने सांगावे असे माझे मत आहे, त्यात कोणाचा अनादर नाही.

ओंजळ

सर्वांची ऋणी आहे. एकच शंका उरते. पाणी ओढले जाते हे पटले. पण पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून खाली मुळांकडेही जाते आणि वर कोवळ्या फळाकडेही. तीही ओढलीच जाते का?

वल्कल

नाही, तेथे झाडही ढकलते. रसवाहिनीच्या पेशी जिवंत असतात. त्यांच्यात केंद्रक नसते, म्हणून शेजारच्या सहपेशी त्यांना सांभाळतात. पानात ऊर्जा खर्चून साखर रसवाहिनीत भरली जाते, परासरणाने तिच्यामागून जलवाहिनीतील पाणी येते आणि दाब वाढतो. मूळ, कंद किंवा फळ जेथे साखर काढून घेते, तेथे पाणीही बाहेर पडते आणि दाब उतरतो. या दोन टोकांतील फरकामुळे रस वाहतो, तासाला साधारण एक मीटरच्या वेगाने. त्यामुळे दिशा ठरलेली नसते, साखर कुठे लागते त्यावर ती बदलते. आज पान पुरवठा करते, पण तेच पान कोवळे असताना स्वतः साखर घेत असते. ही मांडणी अर्न्स्ट म्यून्श यांनी १९३० मध्ये केली.

दाब खरोखर आहे की नाही हे माव्याच्या किडीने दाखवून दिले. मावा आपली सोंड नेमकी एका रसवाहिनीत खुपसतो. संशोधकांनी त्याला गुंगी देऊन सोंड पानातच ठेवली आणि शरीर कापून वेगळे केले. शोषणारे कोणी उरले नसतानाही त्या सोंडेच्या टोकातून गोड रस तासन्‌तास आपोआप थेंबथेंब बाहेर येत राहिला. जलवाहिनीत अशी सुई टोचली असती तर रस बाहेर न येता उलट हवा आत गेली असती. मुलांना दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी सांगावेत, आकृतीतील वर आणि खाली दाखवणाऱ्या बाणांपेक्षा ते अधिक समजतात.